पार्सेक हे खरंखुरं एकक आहे

‘पार्सेक हे अंतराळ मालिकांच्या लेखकांनी रचलेलं, वेळ मोजायचं काल्पनिक एकक आहे,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. असं वाटणं स्वाभाविक आहे. त्याच मालिकांत मनाने रचलेली एककंही असतात, आणि ‘सेक’ ऐकलं की घड्याळच आठवतं.

पण पार्सेक हे अंतर मोजायचं एकक आहे, आणि त्यातला ‘सेक’ म्हणजे सेकंद कोनाचा आहे. पंचांगातली विकला तीच, अंशाचा ३६०० वा भाग. डोळ्यांसमोर बोट धरून एकेक डोळा आळीपाळीने मिटा. बोट सरकल्यासारखं दिसतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तेव्हा जवळचे तारेही दूरच्या ताऱ्यांपुढे असेच किंचित सरकतात. पृथ्वी-सूर्य अंतराएवढी आपली जागा बदलल्यावर जो तारा एक विकला सरकलेला दिसेल, तो एक पार्सेक दूर. हा शब्द १९१३ सालचा आहे. तेव्हा दूरचित्रवाणीच नव्हती.

हिशेब स्वतः करून बघा. वर्तुळात १२,९६,००० विकला असतात. त्यांना ‘पाय’च्या दुपटीने भागलं की सुमारे २,०६,२६५. याला पृथ्वी-सूर्य अंतराने, म्हणजे १४.९६ कोटी किलोमीटरने गुणा. उत्तर येतं सुमारे ३०.८६ लाख कोटी किलोमीटर, म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं. सूर्यानंतरचा आपला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, सुमारे १.३ पार्सेकवर आहे.