दहा ओळींचं उत्तर, सत्तावीस वर्षांचा प्रश्न

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांना हा प्रश्न तोंडपाठ असतो: बायनरी ट्रीमधले (प्रत्येक बिंदूला जास्तीत जास्त दोन फांद्या फुटणाऱ्या झाडातले) दोन नोड, म्हणजे बिंदू दिलेत, त्यांचा सर्वांत खालचा सामाईक पूर्वज शोधा, म्हणजे दोघे ज्याच्या खाली येतात असा सर्वांत जवळचा नोड. रिकर्शन (तोच प्रश्न खालच्या प्रत्येक फांदीला विचारत जाणं) वापरलं की उत्तर दहा ओळींत बसतं.

ठाणे स्टेशन रूट, म्हणजे झाडाचा सर्वांत वरचा नोड, धरा. एक फांदी कल्याणला जाऊन कसारा आणि कर्जत अशी फुटते. दुसरी ट्रान्स-हार्बरची, ती तुर्भ्याच्या पुढे वाशी आणि नेरुळकडे फुटते. (दिवा जंक्शनकडे तूर्त काणाडोळा करू, मधली स्टेशनंही गाळू.) टिटवाळा आणि बदलापूर विचारलं, तर कल्याणला दोन्ही फांद्यांवरून ‘सापडलं’ असा निरोप येतो, म्हणून उत्तर कल्याण. ठाण्याला एकाच बाजूने निरोप येतो, तेव्हा ते कल्याणचंच नाव पुढे करतं. टिटवाळा आणि नेरुळ विचारलं असतं, तर उत्तर ठाणे.

यात अख्खं झाड पालथं घालावं लागू शकतं. एका जोडीसाठी चालतं, पण त्याच झाडावर लाखो जोड्या विचारल्या तर? इतिहास खरा या प्रश्नापासून सुरू होतो, आणि मुलाखतीत नेमका तोच गाळला जातो.

आहो, हॉपक्रॉफ्ट आणि उलमन या संगणकशास्त्रज्ञांनी तो १९७३ मध्ये मांडला. सगळ्या जोड्या आधीच माहीत असतील, तर झाडावरच्या एकाच फेरीत युनियन-फाइंडच्या (गट जोडत जाणं आणि कोण कुठल्या गटात ते पटकन शोधणं, या तंत्राच्या) मदतीने उत्तरं काढता येतात, हे टार्जन यांनी १९७९ मध्ये दाखवलं. जोड्या आयत्या वेळी येणार असतील तर ते उपयोगाचं नाही. त्यावरचा तोडगा १९८४ चा, हारेल आणि टार्जन यांचा: नोडच्या संख्येच्या प्रमाणात पूर्वतयारी, मग झाड कितीही मोठं असो, प्रत्येक जोडीचं उत्तर ठरावीक वेळात. सिद्धांतापुरता प्रश्न मिटला, पण कोड लिहायला बसणाऱ्याला घाम फुटावा असं ते प्रकरण होतं. शीबर आणि विश्किन यांनी १९८८ मध्ये ते बरंच सोपं केलं.

मला सगळ्यांत देखणी वाटते ती पुढची युक्ती. झाडाला प्रदक्षिणा घाला आणि पाय लागेल तो नोड लिहीत जा. कल्याणच्या फांदीपुरतं: ठाणे, कल्याण, टिटवाळा, कल्याण, बदलापूर, कल्याण, ठाणे. खाली प्रत्येकाची खोली, म्हणजे तो रूटपासून किती पायऱ्या खाली आहे ते लिहा: ०, १, २, १, २, १, ०. टिटवाळा ते बदलापूर या पट्ट्यात सगळ्यांत लहान आकडा १, म्हणजे कल्याण. झाडाचा प्रश्न रांगेतला लहानात लहान आकडा शोधण्याचा झाला! शिवाय शेजारच्या आकड्यांत फरक नेहमी एकाचाच, त्यामुळे छोट्या तुकड्यांची उत्तरं तक्त्यात आधीच भरून ठेवता येतात. बर्कमन आणि विश्किन यांनी हे समांतर (एकाच वेळी अनेक प्रोसेसर चालवणाऱ्या) संगणकांसाठी मांडलं होतं. बेंडर आणि फराक-कोल्टन यांनी २००० मध्ये समांतरपणाचं ओझं उतरवून ते साध्या संगणकासाठी लिहिलं, आणि मग कुठे ते विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आलं.

रोजच्या कामात हा प्रश्न भेटतो तो गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात. तिथे मर्ज कमिटला (बदलांच्या दोन ब्रँच, म्हणजे फांद्या, एकत्र करणाऱ्या नोंदीला) दोन पालक असतात, म्हणून इतिहास झाड उरत नाही. हार्बर लाईनने वाशी-नेरुळ जोडले की आपला नकाशाही झाड राहत नाही, तसंच. दोन ब्रँच एकमेकींत आलटून पालटून मर्ज झाल्या असतील, तर सर्वांत जवळचे पूर्वज एकाहून जास्त निघू शकतात. अशा वेळी गिट आधी त्या पूर्वजांचंच आपसांत मर्ज करून एक काल्पनिक पूर्वज बनवतं आणि तो आधार धरून दोन्ही ब्रँच जुळवतं.