कपड्यांचं वय सांगणारी ऊ

दगडाची हत्यारं लाखो वर्षं टिकतात. कापड आणि कातडं मात्र कुजून जातं. जॉर्जिया देशातल्या झुझुआना गुहेत मिळालेले जवसाचे धागे सुमारे ३० हजार वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे माणूस तेव्हापासूनच कपडे घालतो का? नाही, त्याच्या कितीतरी आधीपासून. आणि हे आपल्याला सांगितलं ते उवेनं!

माणसाच्या अंगावर उवेचे दोन जवळचे प्रकार राहतात. एक डोक्यातली, केसांना लिखा चिकटवणारी. दुसरी कपड्यांतली. ही शिवणीत, घड्यांत राहते, तिथेच अंडी घालते आणि रक्त प्यायला तेवढी त्वचेवर येते. रक्त मिळालं नाही तर काही दिवसांतच मरते. म्हणून अधूनमधून पांघरलेल्या कातड्यावर तिचं भागणार नाही. अंगावर नेहमी कपडा हवा. म्हणजे ही ऊ आली, तेव्हा माणूस नेहमी कपडे घालत असणार.

डोक्यातल्या उवेपासून ही वेगळी कधी झाली, ते डीएनएतून काढता येतं. पिढ्यानपिढ्या डीएनएत बारीक बदल साचत जातात. दोन प्रकारांत जितके फरक जास्त, तितकी फारकत जुनी. पण एक फरक पडायला किती वर्षं लागतात? त्यासाठी चिंपांझीची ऊ मदतीला येते. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज साधारण ६० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले, त्यांच्याबरोबर उवाही. त्या दोन उवांमधले फरक मोजले की बदलाचा वेग कळतो आणि तोच वेग आपल्या उवांना लावता येतो.

उवा घामातून किंवा मळातून आपोआप होतात, ही समजूत अजून ऐकू येते. ती साफ चूक आहे. ऊ उवेच्याच अंड्यातून येते, आणि वंशाची ही साखळी अखंड आहे म्हणूनच हे गणित मांडता येतं.

जनुकशास्त्रज्ञ मार्क स्टोनकिंग आणि सहकाऱ्यांनी २००३ साली सुमारे ७२ हजार वर्षं असा अंदाज दिला, तोही अधिक-उणे ४२ हजारांच्या फरकानं. २०११ साली डेव्हिड रीड यांच्या गटानं जास्त जनुकं तपासली आणि उत्तर मागे सरकलं: किमान ८३ हजार, कदाचित १ लाख ७० हजार वर्षं. ‘डीएनएनं अचूक तारीख सांगितली’ अशा मथळ्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये. शिवाय हा आकडा उवेच्या फारकतीचा आहे; कपडे त्याच्याही आधी आलेले असू शकतात.

मोरोक्कोतल्या एका गुहेत कातडी कमावण्याची हाडाची अवजारं मिळाली आहेत, ९० हजार ते १ लाख २० हजार वर्षांपूर्वीची. उवेच्या हिशेबाशी ती चांगली जुळतात.