शाळेत न शिकलेली फोटोग्राफी

अमेरिकेतले कृष्णवर्णीय फोटोग्राफर गॉर्डन पार्क्स यांना कॅमेरा कसा धरायचा हे कुणी शिकवलं नाही. १९१२ साली कॅन्ससमधल्या फोर्ट स्कॉटला जन्म, १५ भावंडांत सगळ्यात धाकटे. पुढे रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये वेटर असताना एका मासिकात विस्थापित शेतमजुरांचे फोटो पाहिले आणि सिअॅटलला गहाणवटीच्या दुकानातून जुना कॅमेरा घेतला.

सेंट पॉल शहरात कपड्यांच्या एका भारी दुकानासाठी फोटो काढायचं काम मिळालं. फिल्म धुतली, तर एक सोडून प्रत्येक फ्रेमवर दोन-दोन चित्रं चढलेली! तो उरलेला एकच फोटो त्यांनी मोठा करून दुकानात नेला, आणि काम हातचं गेलं नाही. पुढे शिकागोत साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटरची डार्करूम वापरायला मिळाली. तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीच्या फोटोंवर १९४२ची रोझेनवाल्ड फेलोशिप आली.

त्या फेलोशिपवर वॉशिंग्टनच्या सरकारी फोटो विभागात गेले, तेव्हा प्रमुख रॉय स्ट्रायकर यांनी पहिलं काम दिलं ते कॅमेऱ्याविना: शहरात जा, जेवा, खरेदी करा, सिनेमा पाहा. राजधानीत कृष्णवर्णीय माणसाला काय वागणूक मिळते ते कळून पार्क्स संतापून परतले. मग त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन यांच्याशी ते बोलत बसले. राष्ट्रध्वजापुढे झाडू आणि मॉप घेऊन उभ्या असलेल्या एलाबाईंचा फोटो जगभर गाजला. मला मात्र त्यानंतरचे, त्यांच्या घरातले, नातवंडांचे, प्रार्थनास्थळातले फोटो जास्त शिकवून जातात. पहिल्यात राग आहे, या फोटोंत ओळख झालेली आहे.

न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत जेम्स व्हॅन डर झी यांचा फोटो स्टुडिओ त्याआधीपासून चालत होता; तिथे लोक ठेवणीतले कपडे घालून येत. रॉय डीकाराव्हा मूळचे चित्रकार. छापचित्रांसाठी संदर्भ म्हणून फोटो काढता काढता ते कॅमेऱ्याचेच झाले. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये ‘कमोइंगे’ हा कृष्णवर्णीय फोटोग्राफरांचा गट उभा राहिला, तेव्हा पहिले संचालक तेच. एकत्र मिळून काम करणारी माणसं, असा केनियातल्या किकुयू भाषेतल्या या शब्दाचा अर्थ. सभासद आपापले प्रिंट आणत आणि एकमेकांच्या कामाची चिरफाड करत. पुढे १९७०च्या दशकात मिंग स्मिथ या गटातल्या पहिल्या स्त्री सभासद झाल्या.

डीकाराव्हांचे प्रिंट बरेच गडद असतात. चेहरा उजळ करायच्या भानगडीत ते पडत नसत. करड्या-काळ्या छटांतून माणूस हळूहळू वर येतो. तेवढा वेळ प्रिंटसमोर उभं राहावं लागतं.