लाकडी मुंगीघर

पाळलेल्या मुंग्यांसाठी फळीत दालने आणि बोगदे कोरून वर काच बसवलेले घर. ब्रिटिश अभ्यासक सर जॉन लबक यांनी एकोणिसाव्या शतकात दोन काचांमध्ये लाकडी पट्ट्या आणि माती घालून मुंग्या पाळल्या. त्यांच्याकडची एक राणी 1874 ते 1888 इतकी वर्षे जगली, तेव्हा घर टिकाऊ हवेच.

सातारा-सांगलीकडे पाळायला सोयीचा तो मोठा काळा मुंगळा. तो मूळचा झाडाच्या बुंध्याशी, जमिनीत राहणारा. लाकूड तो खात नाही, पण मऊ किंवा भिजलेले असेल तर कुरतडून वाट काढतो. पहिल्या पावसानंतर दिव्याखाली पंख झडलेली राणी सापडते. तिला आधी काचेच्या नळीतच ठेवतात: मागे पाणी, मध्ये कापसाचा बोळा. पहिल्या कामकरी मुंग्या निघेपर्यंत ती काही खात नाही. वीस-पंचवीस कामकरी झाल्याशिवाय लाकडी घराची घाई करू नये. मोठ्या घरात लहान वसाहत एका कोपऱ्यात कचरा साठवते आणि मग बुरशी धरते.

फळी खोक्यांना वापरतात त्या आंब्याच्या लाकडाची चालते. मिरजेत सतारीसाठी वापरतात ते तुणीचे लाकूड दिसायला देखणे, पण त्याच्या वासाने कीड दूर राहते, म्हणून इथे नको. वाळवीचे औषध मारलेली फळी तर वसाहतच संपवते. पटाशीने साधारण 1 सेंमी खोल दालने कोरून पॉलिश पेपरने घासतात. आतून रंग किंवा व्हार्निश लावत नाहीत.

खरी अडचण ओलाव्याची. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिमीहून जास्त पाऊस, तर माण तालुक्यात 500 मिमीच्या आसपास. घाटमाथ्यावर फळी फुगते, काच उचलली जाते आणि फटीतून मुंगळे घरभर. माण, खटाव, जतकडे उलट: लाकूड सुकून मुंग्यांच्या अळ्या वाळतात. म्हणून लाकडाला थेट पाणी न देता एका टोकाच्या दालनात प्लास्टर ऑफ पॅरिसचा तुकडा बसवून तेवढाच भिजवतात. दुसरे टोक कोरडे ठेवले की अळ्या कुठे न्यायच्या ते कामकरीच ठरवतात.

नव्या घरात त्यांना ढकलायचे नसते. नळी घराला जोडून तिच्यावर उजेड पडू द्यायचा आणि घराच्या काचेवर पारदर्शक लाल कागद टाकायचा; तांबडा उजेड मुंग्यांना फारसा दिसत नाही, म्हणून घर त्यांना अंधारे वाटते. आयते बीळ असूनही कधीकधी त्या आठवडाभर हलत नाहीत. तोवर गुळाचे पाणी आणि मेलेली झुरळे बाहेरच्या डबीतच द्यावीत.