ब्रेक मारला की मागचं चाक सरकतं? नट कसण्याआधी हे वाचा

(आमच्या दुकानातून सायकल घेणाऱ्या आणि दुरुस्तीला आणणाऱ्या सगळ्या गिऱ्हाइकांसाठी)

कापूस वेचणी सुरू झाली की आमच्याकडे एक तक्रार हमखास येते. "भाऊ, ब्रेक मारला का मांगचं चाक एका अंगाला जाते. नट कसला, तरी आठ दिवसांत तेच." या दिवसांत कॅरिअरवर चुंगडं (पोतं) असतं आणि पांदणीतल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झालेल्या असतात. पावसाळाभर कशीबशी तग धरलेली सायकल मग उघडी पडते. नट आणखी जोरात कसला म्हणजे काम झालं असं बहुतेकांना वाटतं. आमचा अनुभव वेगळा आहे. चाक का सरकतं हे न पाहता नट कसत राहिलं तर शेवटी एक्सलचे (चाकाच्या मधल्या दांड्याचे) आटे जातात, आणि चाक सरकायचं ते सरकतंच.

मागचं चाक चिमट्याच्या, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंनी येणाऱ्या नळ्यांच्या, टोकाच्या पत्र्यातल्या दोन खाचांत बसतं. आपल्याकडच्या साध्या सायकलींना या खाचा मागच्या बाजूने उघड्या असतात, कारण चेन ताणायला चाक मागेपुढे करावं लागतं. म्हणजे चाकाला तिथे अडवणारं काही नाही. दोन्ही बाजूंच्या नटांनी लोखंडावर लोखंड दाबून धरलेलं असतं, तेवढ्यावरच ते जागेवर राहतं. त्या दोन लोखंडांच्या मधे रंगाचा थर, ग्रीस किंवा काळ्या मातीचा पातळ पापुद्रा असला तर नट कितीही कसा, पकड येत नाही.

आता घरीच करायचं काम. टायर चिमट्याच्या डाव्या नळीला घासतोय एवढ्यावरून काही कळत नाही, कारण उजवं टोक पुढे गेलं काय किंवा डावं मागे गेलं काय, टायर पुढच्या बाजूने डावीकडेच जातो. म्हणून चाक सरळ बसवून नट कसून घ्या आणि दोन्ही बाजूंना एक्सलच्या टोकापासून चिमट्याच्या पत्र्यापर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. घरात पोरीबाळी असतील तर नेलपॉलिश असतेच. दोन दिवस नेहमीसारखी सायकल चालवा आणि रेघ कुठे तुटली ते पाहा.

उजवं टोक पुढे गेलं असेल तर दोष ब्रेकचा नाही. चढावर पायडल मारताना चेन उजव्या टोकाला पुढे ओढते, आणि ब्रेक मारताना ते फक्त आपल्या लक्षात येतं. डावं टोक मागे गेलं असेल तर ब्रेकचं काम समजा. सीटच्या मागे वर बसलेला, रिमला दोन्ही बाजूंनी पकडणारा ब्रेक असला की रस्ता खालून चाकाला मागे ढकलतो आणि गुटकेही (ब्रेकचे रबर) वरून रिमला मागेच ढकलतात. एक्सलवर जवळजवळ दुप्पट जोर येतो. उजवं टोक चेनने धरलेलं असतं, म्हणून डावं मोकळं टोक सरकतं.

जुन्या काळ्या सायकलींचा रॉड ब्रेक वेगळा आहे. त्याचे गुटके रिमच्या आतल्या बाजूला, पायडलच्या मागे बसतात आणि ब्रेक दाबला की रिमला पुढे ओढतात. तिथे नट ढिला असला तर चाक पुढे येतं आणि चेन लोंबते. चेन वारंवार ढिली होते म्हणून नवी चेन मागणाऱ्या कितीतरी जणांना आम्ही चेन न विकता परत पाठवलं आहे. चेन ताणायच्या पट्ट्या अशा सायकलीला दोन्ही बाजूंनी हव्याच. एका बाजूची पडली असेल तर आजच बसवून घ्या.

खरी गडबड मात्र बहुतेक वेळा नटाखाली असते. एक दूधवाले दादा दोन कॅन बांधून रोज सकाळी गावातून फेरी करतात. त्यांचं चाक आम्ही दोनदा कसून दिलं, दोन्ही वेळा ते परत आले. तिसऱ्यांदा सगळं उकलून फरशीवर ओळीने मांडलं. उजवीकडे एका नटाखाली स्टँडची पट्टी, मडगार्डची तार आणि कॅरिअरच्या दोन पट्ट्या होत्या. कॅरिअर नवं होतं, त्याचा काळा रंग जाड होता आणि तो चुरा होऊन निघत होता. एका पट्टीचं भोक खेचून लांबट झालं होतं. नट घट्टच होता, पण त्याने पट्ट्यांची चळत धरली होती, चाक नव्हे. पट्ट्यांमधला रंग दबला आणि झिजला तसा नटाचा ताण जात होता. आम्ही पट्ट्यांचा रंग भोकाभोवती घासून काढला, कॅरिअरची एक जोड चिमट्याच्या वेगळ्या भोकात घेतली आणि दातेरी वायसर टाकला. त्या दुरुस्तीनंतर ते चाक हललेलं नाही. पहिल्या दोन वेळेस आम्ही हे बघायला हवं होतं, म्हणून ते इथे लिहितो आहोत.

उकललंच आहे तर चिमट्याच्या पत्र्याकडेही बघा. नट जिथे बसायचा तिथे जुना गोल खड्डा पडलेला असतो. चेन ताणून चाक जरा मागे घेतलं की नटाची एक कड खड्ड्यात आणि एक बाहेर बसते, मग जरा चालवली की चाक पुन्हा जुन्या जागी येतं. कानसीने खड्ड्याची कड सपाट करायची आणि दाते शाबूत असलेला वायसर घालायचा. दाते बोटाला टोचले पाहिजेत. गुळगुळीत झालेला वायसर आमच्याकडे आणून द्या, आम्ही बदलून देतो.

बसवताना पत्रा आणि वायसर कोरड्या कापडाने पुसा. तेलाचा एक थेंब फक्त आट्यांवर टाका, त्याने नट पुरता बसतो. आधी उजवा नट हलका आवळा, चाक दोन नळ्यांच्या बरोबर मध्ये धरा, मग डावा, आणि पुढे आलटून पालटून थोडं थोडं. चेन मधोमध बोटाच्या जाडीएवढी वरखाली हलली पाहिजे. तिला तारेसारखी ताणू नका, छर्रे खराब होतात. मागच्या नटाला बहुतेक 15 चा पाना लागतो. तो वीतभर लांब असेल आणि टोकाला धरून पंधरा-अठरा किलो उचलायला लागेल एवढा जोर लावला तर पुरे. पान्याला पाइप लावून लटकू नका. रॉड ब्रेकवाल्यांनी चाक मागे घेतल्यावर गुटके रिमला लागत नाहीत ना हे पाहायचं, कारण चाक मागे गेलं की रिम गुटक्यांच्या जवळ येते. पहिला ओझ्याचा फेरा झाला की नट एकदा पुन्हा तपासा.

शाळेतून मिळालेल्या मुलींच्या सायकली सहसा खोक्यातून आल्यावर घाईत जोडलेल्या असतात. त्या मिळाल्याच्या आठवड्यातच एकदा पान्याखालून जाऊ द्या, आमच्याकडे असो की तुमच्या गावातल्या दुकानात. मुलगी रोज हमरस्त्याने जाते, ट्रकच्या बाजूने.

डिस्क ब्रेकच्या गिअर सायकलीबद्दल थोडक्यात. डिस्क लहान असते, म्हणून तिथला जोर टायरवरच्या जोराच्या साधारण चौपट येतो आणि तो सगळा डाव्या टोकावर. ब्रेक चिमट्याच्या वरच्या नळीच्या मागे बसवलेला असेल तर तो एक्सलला खाली ढकलतो, आणि अशा सायकलींची खाच बहुधा खालीच उघडी असते. एक्सलला नटाऐवजी दांडी असेल तर ती नटासारखी गोल फिरवून कसायची नसते. ती दुमडून बंद करायची. अर्ध्या वाटेवर जोर लागू लागला पाहिजे आणि बंद केल्यावर तळव्यावर वळ उमटला पाहिजे. सहज बंद होत असेल तर एक्सलच्या दुसऱ्या टोकाचा नट अर्धा फेरा कसून परत बंद करा.

चाक सरकतंय म्हणून एक्सल वेल्डिंग करून घेतलेल्या सायकली आमच्याकडे आल्या आहेत. पंक्चर झाल्यावर त्यांचं चाक निघत नाही. कृपा करून असं करू नका. आणि चाक सरकत असेल त्या दिवसापासून दुरुस्त होईपर्यंत डबलसीट बसू नका, कुणाला बसवू नका.

सायकल दाखवायला आणताना धुऊन आणू नका, कॅरिअर आणि स्टँडही काढू नका. टायर कुठे घासला, नटाभोवती पत्रा कुठे चमकतो आहे, हे आम्हाला तसंच पाहायचं असतं. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, त्या दिवशी सकाळी 10 च्या आत या म्हणजे तुमच्यासमोर उकलून दाखवता येईल.