खंदकातलं पत्र आणि मधले वाचणारे

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकातून शिपायाने बायकोला धाडलेलं पत्र तिच्या कानी पडेपर्यंत चार-पाच जणांच्या डोळ्यांखालून गेलेलं असे. ही पत्रं वाचायला घेताना हे आधी ध्यानात ठेवावं, नाहीतर त्यांत जे लिहिलेलं नाही त्याचा अर्थ लागत नाही.

सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी फौजा मार्सेय बंदरात उतरू लागल्या. त्यांतल्या लाहोर डिव्हिजनबरोबर खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे खंदक-पूल बांधणाऱ्या फौजी तुकड्यांच्या, २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या, त्यांत मराठेही होते. २८ ऑक्टोबरला फ्रान्समधल्या न्यव्ह शापेल गावावरच्या हल्ल्यात या कंपन्यांची फार माणसं पडली.

महिना ११ रुपये पगाराच्या शिपायाला बहुधा लिहिता येत नसे. मग पलटणीतला कुणी शिकलेला सोबती लिहून देई. बायकोला सांगायचं मनातलं गूज आधी त्याच्यापुढे बोलायचं! त्यानंतर पत्र पलटणीतले अधिकारी तपासत आणि शेवटी ते सेन्सॉरच्या कचेरीत जाई. इंग्रजांविरुद्ध बंड पुकारणाऱ्या गदर पक्षाचं साहित्य फौजेत शिरेल या धास्तीने सरकारने ही कचेरी उघडली. कॅप्टन हॉवेल तिचा प्रमुख होता आणि तिचं काम बराच काळ फ्रान्सच्या बूलोन्य बंदरात चाले. १९१५ च्या मार्चपर्यंत हिंदी शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं लिहीत होते. एवढी सगळी वाचणं अशक्यच, म्हणून निवडक वाचत.

शिपायांना हे ठाऊक होतं. एका जखमी शिपायाने इंग्लंडमधून कळवलं की काळी मिरी संपली, आता लाल मिरची वापरतात. काळी मिरी म्हणजे हिंदी फौज, लाल मिरची म्हणजे गोरी. घरच्यांनी आणखी पोरं भरतीला पाठवू नयेत, हे सांगायची ही वाट.

गावाकडची गत याहून अवघड. १९११ च्या शिरगणतीत देशातल्या शंभर बायकांत जेमतेम एकीला अक्षरओळख होती. आपल्याकडे तर पत्र वडिलांच्या नावे, 'तीर्थरूप'ने सुरू होणारं. बायकोची चौकशी करायची ती 'घरच्या मंडळींना' या दोन शब्दांत. पोस्टमन किंवा शाळामास्तर ओसरीवर मोठ्याने वाचणार, सासरा-दीर ऐकणार, आणि ती दाराआड उभी. मला या सगळ्यात तिचंच उभं राहणं सर्वांत जास्त टोचतं. मनिऑर्डर आली म्हणजे तो जिवंत आहे, एवढं तिला कुणी वाचून न दाखवताही कळे.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्यांचा तोही धागा तुटला. तिथल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजारांच्या फौजेसह तुर्कांच्या कैदेत गेल्या.

सेन्सॉरने हरकत न घेतलेली मूळ पत्रं पुढे गावोगाव गेली आणि बहुतेक तिथेच विरली. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत उरले आहेत ते सेन्सॉरने केलेल्या इंग्रजी तर्जुम्यातले उतारे. त्यांत बायकांकडून आलेली पत्रं अगदी थोडी.