गॅलन मोठा, औंस लहान

ब्रिटिश गॅलन अमेरिकन गॅलनपेक्षा मोठा. ब्रिटिश पाइंटही अमेरिकन पाइंटपेक्षा मोठा. मग औंसही मोठाच असणार, असं कुणीही धरून चालेल. पण नेमकं तिथेच उलटं होतं: ब्रिटिश द्रव औंस २८.४१ मिलिलिटरचा आणि अमेरिकन २९.५७ मिलिलिटरचा.

अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ लिटरचा. दोन्हीकडे गॅलनचे पाइंट आठच होतात. फाटा फुटतो तो पुढे. अमेरिकन पाइंटचे (४७३ मिली) १६ औंस होतात, तर ब्रिटिश पाइंटचे (५६८ मिली) २०. भाकरी मोठी, पण खाणारी तोंडं त्याहून जास्त. म्हणून वाट्याला येणारा तुकडा लहान.

हा घोळ अमेरिकेने घातला, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर अमेरिकन गॅलन हा जुना इंग्लिश गॅलनच आहे. १७०७ साली, राणी अ‍ॅनच्या काळात, इंग्लंडमध्ये वाइनचा गॅलन २३१ घन इंचांचा ठरला. हा आकडा विचित्र वाटतो, पण ७ इंच व्यासाचं आणि ६ इंच उंचीचं नळकांडं घ्या आणि शाळेतला २२/७ वापरा. त्रिज्या साडेतीन, तिचा वर्ग १२.२५, त्याला २२/७ ने गुणलं की ३८.५, आणि सहापट केली की बरोबर २३१! बिअरसाठी मात्र इंग्लंडात वेगळा, २८२ घन इंचांचा गॅलन चाले. स्वतंत्र झाल्यावर अमेरिकेने वाइनचा गॅलन जवळ ठेवला आणि १८३२ मध्ये तिथल्या अर्थखात्याने त्यावर शिक्का मारला.

बदल केला तो ब्रिटनने. १८२४ च्या कायद्याने जुने गॅलन मोडीत काढले आणि नवा ठरवला तो पाण्याच्या वजनावर: ६२ अंश फॅरनहाइट तापमानाला दहा पौंड शुद्ध पाणी जेवढी जागा व्यापेल, तेवढा गॅलन. दहा पौंड म्हणजे वजनाचे १६० औंस. म्हणून या गॅलनचे भागही १६० केले, म्हणजे एक द्रव औंस पाणी वजनालाही एक औंसच भरतं. पाइंटच्या पोटात वीस औंस आले ते यामुळे. अमेरिकन औंसभर पाणी तोललं तर ते वजनाच्या औंसापेक्षा चार टक्के जास्त भरतं. मोजमाप म्हणून मला तरी ब्रिटिश रचना जास्त नेटकी वाटते. फक्त ती सुचायला उशीर झाला आणि तोवर अमेरिका वेगळी झाली होती.

तोंडी हिशेबाला दोन जोड्या पुरतात. पाच ब्रिटिश गॅलन म्हणजे सहा अमेरिकन गॅलन. पाइंटलाही हेच प्रमाण. आणि चोवीस अमेरिकन औंस म्हणजे पंचवीस ब्रिटिश औंस. दोन्हींत चूक हजारात एकाहूनही कमी. पहिल्या जोडीची गंमत दारूच्या बाटलीत दिसायची. अमेरिकेत पूर्वी व्हिस्कीची बाटली गॅलनच्या पाचव्या हिश्शाची असे, ब्रिटनमध्ये सहाव्या हिश्शाची. दोन्ही भरतात जवळपास ७५७ मिली! आपल्याकडच्या ७५० मिलीच्या खंब्याच्या अगदी जवळ. पाइंटचं मात्र आपण तिसरंच काही करून ठेवलंय: आपल्या बारमध्ये पाइंट म्हणजे ३३० मिलीची बाटली, जी या दोन्ही पाइंटांत बसत नाही.

गाड्यांचे परदेशी व्हिडिओ पाहणाऱ्यांनी तर सावधच राहावं. ब्रिटनमध्ये पेट्रोल लिटरवर विकलं जातं, पण अ‍ॅव्हरेज सांगतात ते मैल प्रति गॅलन, आणि गॅलन अर्थातच ब्रिटिश. ‘पन्नास’ हा आकडा ब्रिटिश माणसाने सांगितला तर गाडी लिटरला १७.७ किलोमीटर देते. अमेरिकन माणसाने सांगितला तर २१.३. तीच गाडी ब्रिटनमधून अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेली की कागदावर जास्त पेट्रोल पिऊ लागते.

कच्च्या तेलाच्या बातम्यांतलं बॅरल ४२ अमेरिकन गॅलनचं असतं, म्हणजे १५९ लिटरचं. आणि अमेरिकन गॅलन आपल्या स्वयंपाकघरातही आहे. आरओ यंत्राच्या मेम्ब्रेनवर, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पडद्यावर, ‘७५ जीपीडी’ असं छापलेलं असतं; म्हणजे दिवसाला ७५ गॅलन, तेही अमेरिकन. लिटरमध्ये २८४, तासाला बाराच्या आसपास. ब्रिटिश गॅलन धरलात तर तासाला १४ लिटरांहून जास्त येतात आणि यंत्र कमी पाणी देतंय म्हणून मेकॅनिकला उगाच फोन जातो. अर्थात हा आकडा ठरावीक दाबाच्या आणि २५ अंश सेल्सिअसच्या पाण्याचा. थंडीत टाकीतलं पाणी गार झालं की तेच मेम्ब्रेन बारा लिटरही देत नाही.